घरात सगळे बोलतात

हाटकेशला आम्ही राहतो त्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आमच्याकडे गॅस बंद करावा, इतक्या पातळ. सकाळी उद्योगनगरातल्या गाळ्यांमधली यंत्रे सुरू होतात, दुपारी शाळेच्या बसगाड्या येतात, संध्याकाळी अजान आणि आरती, रात्री चार घरांतल्या चार मालिका. मीरा-भाईंदरच्या या भागात शांतता विकत घ्यायची म्हटली तरी मिळणार नाही. आणि तरीही या इमारतीत, माझ्याच घरात, एक माणूस सहा वर्षे एकच प्रश्न विचारत होता आणि तो कोणालाही ऐकू गेला नाही. तो माणूस म्हणजे माझे वडील. त्यांच्याविषयी मी शेवटी सांगणार आहे. आधी नाटकाविषयी बोलतो, कारण वडिलांचा तो प्रश्न मला उमगला तो एका नाटकामुळे.

११ मे १९५० रोजी पॅरिसमधल्या एका छोट्या नाट्यगृहात एक विचित्र नाटक झाले. लेखक रुमानियात जन्मलेला यूजीन आयनेस्को. नाटकाचे नाव 'टकली गायिका', आणि नाटकात टकली गायिका कुठेच नाही! इंग्रजी शिकण्यासाठी आयनेस्कोने एक पुस्तक आणले होते. त्यातली माणसे एकमेकांना सांगतात की आठवड्याचे दिवस सात असतात, छत वर असते, जमीन खाली असते. हे वाचता वाचता त्याला वाटले, आपण घरात तरी याहून वेगळे काय बोलतो? त्या नाटकात एक स्त्री आणि एक पुरुष भेटतात. आपण कुठेतरी भेटलो आहोत असे दोघांनाही वाटते. बोलता बोलता कळते की दोघे एकाच गाडीने आले, एकाच रस्त्यावर राहतात, एकाच घरात राहतात, एकाच पलंगावर झोपतात. म्हणजे ते नवराबायको आहेत! प्रेक्षक हसतात. पण घरी परतल्यावर, दिवा मालवल्यावर, ते हसू घशात अडकते.

त्यानंतर १९५३मध्ये बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' रंगमंचावर आले, १९५७मध्ये त्याचेच 'एन्डगेम'. या दुसऱ्या नाटकात म्हातारे आईवडील दोन कचऱ्याच्या पिंपांत राहतात आणि मधूनच झाकण उघडून डोके वर काढतात. अमेरिकेत एडवर्ड अल्बीने १९६१मध्ये 'द अमेरिकन ड्रीम' आणले. त्यातल्या कुटुंबाला नावेच नाहीत. मॉमी, डॅडी आणि ग्रँडमा. नाती आहेत, माणसे नाहीत. त्याच सुमारास मार्टिन एस्लिन या समीक्षकाने या सगळ्या नाटकांना 'थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' असे नाव दिले. मराठीत आपण त्याला असंगत नाट्य म्हणू लागलो.

हे लोण आपल्याकडे पोचले तेव्हा एक आक्षेप घेतला गेला. युरोपने दोन महायुद्धे पाहिली, शहरे बेचिराख झाली, देवावरचा विश्वास उडाला, म्हणून त्यांना जगणे निरर्थक वाटले. आपल्याकडे कुठे असे झाले? आपल्याकडे कुटुंब आहे, सण आहेत, शेजार आहे. आपला एकटेपणा हा उसना. हा आक्षेप मला बरीच वर्षे पटत होता. आता पटत नाही. कारण घरातल्या माणसाला घरातच ऐकणारे कोणी नसते, ही गोष्ट मराठी लेखकाला युरोपकडून शिकावी लागलेली नाही. ती आपल्याकडे आधीपासून होती. तिचा आवाज तेवढा वेगळा होता.

शाळेत आपण सगळ्यांनी नाट्यछटा पाठ केल्या आहेत. नाट्यछटाकार दिवाकर, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे, यांनी १९११पासून त्या लिहायला सुरुवात केली. नाट्यछटेत एकच पात्र बोलते. समोर दुसरी माणसे असतात, पण त्यांचे शब्द आपल्यापर्यंत येत नाहीत. ते बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून ओळखायचे. स्पर्धेत पाठांतर म्हणून आपण हा प्रकार सोपा करून टाकला. जरा थांबून पाहा, हा प्रकार किती भयंकर आहे! घरात पाच माणसे आहेत आणि आवाज फक्त एकाचा आहे. 'पंत मेले – राव चढले' या नाट्यछटेत एका घरात कर्ता माणूस गेल्याचा आकांत आहे आणि दुसऱ्या घरात त्याची जागा मिळाल्याचा आनंद. एकाच्या रडण्याचा सूर दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचत नाही. तेव्हा आयनेस्को लहान मूल होता आणि बेकेटही.

१९६०मध्ये मुंबईत 'रंगायन' सुरू झाली. विजया मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी प्रेक्षकाला नव्या नाटकाची चव लावली. आयनेस्कोचे 'द चेअर्स' त्यांनी मराठीत 'खुर्च्या' म्हणून केले. एक म्हातारे जोडपे न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत राहते. मंच खुर्च्यांनी भरतो आणि माणूस एकही नाही. विजय तेंडुलकरांच्या पन्नाशी-साठीतल्या नाटकांची नुसती नावे पाहिली तरी पुरे: 'माणूस नावाचे बेट', 'मधल्या भिंती'. १९७०मध्ये त्यांचे 'गिधाडे' आले. तिथे बाप, मुलगे, बहीण एकमेकांशी बोलतात ते एकमेकांचे लचके तोडण्यासाठी. या नाटकाला असंगत म्हणता येणार नाही, ते फार सरळ आहे. पण मराठी घराच्या दिवाणखान्याचा पडदा त्याने फाडला. मग त्या फाटलेल्या पडद्यातून दुसरा एक लेखक आत शिरला. हसत हसत.

सतीश आळेकर पुण्याचे. शिक्षण जीवरसायनशास्त्राचे आणि नोकरी वैद्यकीय महाविद्यालयात. १९७४मध्ये थिएटर अकॅडमीने त्यांचे 'महानिर्वाण' केले. आळेकरांनीच ते बसवले आणि त्यातल्या मुलाची, नानाची, भूमिकाही केली. भाऊराव झाले चंद्रकांत काळे. संगीत आनंद मोडकांचे. चाळीत राहणारे भाऊराव मरतात, आणि मेल्यावर उठून स्वतःच्या मरणावर कीर्तन करतात! बायको रमा रडते आहे, चाळकरी जमले आहेत, तिरडीची तयारी चालली आहे, आणि मयत माणूस पूर्वरंग-उत्तररंग करून आपली कथा सांगतो आहे. त्यांचा एकच हट्ट आहे: मला जुन्याच स्मशानात जाळा. पण जुने स्मशान आता बंद. नवे आले आहे. देह तसाच पडून राहतो. घरात वास सुटतो. इकडे रमेचे मन तिरडी उचलायला आलेल्यांपैकी डावीकडून तिसऱ्यावर जडते. आणि वडिलांचा हट्ट पुरवायची सगळी खटपट नानाच्या गळ्यात पडते.

मी हे नाटक पहिल्यांदा वाचले ते बी.ए.ला असताना, वाचनालयातून आणून. त्या वेळी आम्ही माझगावच्या चाळीत राहत होतो. गॅलरीत बसून मी मोठ्याने हसत होतो, आणि अम्मी आतून विचारत होती, "काय वाचतोस रे एवढे?" मी म्हणालो, "एक माणूस मेला आहे." ती घाबरून बाहेर आली. मुसलमानाच्या पोराला तेरावे, पिंड, कावळा यातले काय कळणार, असे कोणाला वाटेल. पण चाळ मला कळत होती. मयतीला जमणारे शेजारी मला कळत होते. कोणी कापड आणायला धावे, कोणी नातेवाइकांना तारा करी, कोणी उगाच सूचना देत उभा राही. शब्द वेगळे असतील. पाठ केलेले असतात हे तेच. पुढे महाविद्यालयीन मुलांचा एक प्रयोगही पाहिला. तेव्हाही हसलो. माझ्या ओळखीच्या एका मुसलमान मित्राने तर मला विचारले, तू मराठीत कविता का लिहितोस? मी त्याला शफाअत खान यांचे नाव सांगितले. 'मुंबईचे कावळे', 'शोभायात्रा' लिहिणारा, काळ्या विनोदाची ही वाट पुढे नेणारा हा नाटककार आमच्यातलाच. काळे हसू सगळ्यांचे असते.

आता पॅरिसकडे पुन्हा एकदा वळू. १९५४मध्ये आयनेस्कोचे 'अमेदे' आले. त्यातही घरात एक प्रेत आहे. नवराबायको पंधरा वर्षे घराबाहेर पडलेले नाहीत, आणि आतल्या खोलीतले प्रेत रोज वाढते आहे. वाढता वाढता त्याचे पाय बाहेरच्या खोलीत येतात. दोन प्रेते, दोन घरे. पण फरक केवढा! पॅरिसच्या घराची दारे बंद आहेत. तिथले प्रेत मुके आहे. आपल्या चाळीची सगळी दारे उघडी आहेत, माणसांची रीघ लागली आहे, टाळ वाजतात, आणि प्रेत घसा फोडून गाते आहे. तरी कोणी ऐकत नाही. तिकडचा एकटेपणा शांततेतला, आपला गलबल्यातला. तिकडे माणसांना बोलायला शब्द सापडत नाहीत. आपल्याकडे शब्द तयार असतात. विधीचे शब्द, रीतीचे शब्द, सांत्वनाचे शब्द, "काळजी करू नका, आम्ही आहोत" असले शब्द. आयनेस्कोच्या हातात भाषा शिकवणारे पुस्तक पडले. आळेकरांना पुस्तकाची गरज पडली नाही. आपल्याकडे अख्खा समाजच पाठ केलेल्या वाक्यांचे पुस्तक आहे.

मराठी असंगत नाटकाने जगाच्या त्या चर्चेत घातलेली भर कोणती, असे मला विचारले तर मी हेच सांगेन. गर्दीत, सणात, मयतीत, भरल्या घरात संवाद कसा मरतो हे त्याने दाखवले. आणि त्यासाठी कीर्तनासारखे, सगळ्यांनी मिळून ऐकायचे रूप निवडले. जे रूप ऐकण्यासाठी जन्मले, त्याच रूपात न ऐकले जाण्याची गोष्ट!

१९७९च्या 'बेगम बर्वे'त आळेकर आणखी पुढे गेले. इथे तर कुटुंबच नाही. संगीत नाटकाच्या वैभवकाळात बारीकसारीक स्त्रीभूमिका केलेला एक म्हातारा उदबत्त्या विकतो, आणि जावडेकर-बावडेकर नावाचे दोन एकाकी कारकून. या तिघांच्या कल्पनेत एक संसार उभा राहतो. लग्न होते, डोहाळे लागतात. नाट्यपदांच्या उसन्या शब्दांत हे लोक एकमेकांना माया लावतात. खऱ्या घरात जे बोलता येत नाही ते खोट्या घरात गाता येते. पण खोटे घर किती दिवस टिकणार? ते मोडते तेव्हा प्रेक्षक हसत नाही.

महेश एलकुंचवारांचा मार्ग निराळा. १९८७च्या 'प्रतिबिंब'मध्ये मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारा एक माणूस सकाळी उठतो तो आरशात त्याचे प्रतिबिंबच नाही. हे असंगत झाले. पण त्याआधी दोन वर्षे, १९८५मध्ये, विजयाबाईंनी बसवलेले त्यांचे 'वाडा चिरेबंदी' पाहा. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, अगदी वास्तव नाटक. वडील गेले आहेत, मुंबईचा मुलगा तेराव्यासाठी आला आहे, खर्च कोणी करायचा यावरून कुरबूर आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. आणि या सगळ्यात एक म्हातारी आजी आहे. तिला दिसत नाही. आपला मुलगा गेला हे तिच्या मनापर्यंत पोचलेले नाही. ती त्याच्याच नावाने हाका मारते आणि वेळ विचारत राहते. घरातले लोक कधी उत्तर देतात, कधी देत नाहीत. उत्तराला अर्थच नाही, कारण तिला घड्याळातली वेळ नको आहे. असंगत नाटक वेगळ्या मंचावर करावे लागत नाही, हे मला त्या आजीने शिकवले. ते भरल्या वाड्यात, वास्तव नाटकाच्या मधोमध, एका कोपऱ्यात बसलेले असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. 'पंत मेले', 'महानिर्वाण', 'वाडा चिरेबंदी' – तिन्हींत गोष्ट सुरू होते ती घरातला कर्ता गेल्यावर. जणू आपल्याकडे बाप जिवंत असेपर्यंत घर काही बोलतच नाही. तो गेला की सगळ्यांना कंठ फुटतो.

आता माझ्या वडिलांकडे येतो.

अब्बा जहाजावर खलाशी होते. आमचे गाव म्हसळा तालुक्यात. वर्षातले नऊ-दहा महिने ते दर्यावर, आणि घरी पत्रे. पत्राचा मायना ठरलेला: खुशाल आहे, खुशाली कळवावी. आम्हीही तेच लिहायचो. बोलायची सवय दोन्हीकडे लागलीच नाही. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुसलमान कुटुंबे मीरा रोडला आली. १९९४मध्ये आम्हीही माझगाव सोडले आणि पुढे हाटकेशला घर घेतले. निवृत्त झाल्यावर अब्बा गावी राहत. अम्मी गेली, तिला गावच्या कबरस्तानात ठेवले, आणि २००६मध्ये मी अब्बांना इकडे आणले. म्हातारा माणूस, एकटा कसा राहणार?

ते खिडकीजवळ बसत. पाऊस लागला की रोज संध्याकाळी मी कामावरून आलो, चप्पल काढली, की विचारत, "गावाला पाऊस पडला का?" आमच्या कोकणी बोलीत विचारत. मी म्हणे, "पडला असेल, अब्बा." कधी पेपरात बघून सांगे, "रायगडला भरपूर आहे." कधी चिडून म्हणे, "पावसाळ्यात पाऊस पडणारच ना!" ते मान हलवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझी बायको म्हणायची, वय झाले, विसरतात. मुलगा त्यांची नक्कल करायचा आणि आम्ही हसायचो. अब्बाही हसायचे. सहा पावसाळे हा प्रश्न आणि हे उत्तर आमच्या घरात चालू होते.

जुलै २०१२मध्ये अब्बा गेले. पाऊस कोसळत होता. मयत जास्त वेळ ठेवायची नाही, जिथे मृत्यू येईल तिथे लवकर दफन करावे, असे आमच्याकडे मानतात. शेजारी धावून आले, सगळे भराभर झाले. इथल्याच कबरस्तानात त्यांना ठेवले. रीतीत कसलीही चूक झाली नाही.

चार महिन्यांनी गावी गेलो. चुलतभाऊ कबरस्तानाची वाट दाखवत म्हणाला, "चाचा दर पावसात फोन करायचे. ओढ्याला पाणी किती आहे, मयत न्यायची वाट चालू आहे का, कबरीत पाणी भरते का, विचारायचे. चाचीच्या शेजारची जागा त्यांनी मला दाखवून ठेवली होती." मी विचारले, "मला का नाही सांगितलेस?" तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मला वाटले, तुला सांगितले असेल. तू तर मुलगा."

परत आल्यावर मी कपाटातून 'महानिर्वाण' काढले. पहिल्या काही पानांतच थांबलो. भाऊराव आपल्या मुलाला ओरडून ओरडून सांगत होते, मला कुठे न्यायचे ते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या पानांवर मी हसलो होतो तीच पाने. भाऊराव मेल्यावर तरी बोलले. माझ्या अब्बांनी जिवंतपणी विचारले, रोज विचारले, आणि मी त्यांना हवामान सांगितले. नाना तरी बरा. त्याने बापाचा हट्ट ऐकला, त्रासला, धावपळ केली. मला ऐकूच आले नव्हते.

अब्बांनी सरळ का सांगितले नाही? मी पुष्कळदा विचार केला. मुलाच्या घरात बसून, त्याचे मीठ खाऊन, मला तुझ्या गावात ठेवू नकोस हे कसे म्हणायचे? भर पावसात मुलाला एवढा त्रास कसा द्यायचा? म्हणून त्यांनी पावसाचे विचारले. मी 'हो, पण तुम्ही असे का विचारता?' एवढे एकदा म्हटले असते तर पुरले असते. एवढे लहान वाक्य. सहा वर्षांत एकदाही सुचले नाही. मी कवी आहे, हे लोकांना सांगायची मला तेव्हापासून थोडी लाज वाटते.

माझा मुलगा आता पुण्याला नोकरी करतो. रोज रात्री फोन येतो. "अब्बा, जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "बरी आहे." गेल्या महिन्यात तो आला होता. जेवण झाल्यावर मी टीव्ही बंद केला आणि म्हणालो, "बस जरा, एक सांगायचे आहे." तो एकदम घाबरला. "अब्बा, तब्येत बरी आहे ना?" मी म्हणालो, "बरी आहे." शेजारी कुकरची शिट्टी झाली. मग आम्ही दोघांनी चहा घेतला, आणि तो सकाळच्या गाडीने गेला.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा येणार आहे. तेव्हा सांगेन.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)